आक्रमणाची उमेदवारी

चढाईपटू मध्यरेषा ओलांडून प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकतो त्या क्षणापासून त्याच्या पदरी अवघे ३० सेकंद असतात, आणि एवढ्या अल्प अवधीत त्याला कबड्डीचा उच्चार अखंड ठेवून, निदान रेषा पार करून, समोरच्या सात जणांपैकी एखाद्याला तरी स्पर्श करून सुखरूप परतायचे असते. कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर नजर रोखून दबा धरून असतो. मध्यरक्षक हातात हात गुंफून त्याची परतीची वाट अडवण्याच्या तयारीत असतात. आणि समोर सहा किंवा सात रक्षक उभे असतील तर बोनस रेषेपलीकडे एक पाऊल टेकवून दुसरे अधांतरी ठेवण्याचा, म्हणजे कोणालाही न शिवता गुण मिळवण्याचा मोहही त्याला खुणावत असतो. पायाची फेक कोणत्या अंगाला करावी, हात केव्हा पुढे टाकावा, आणि रिकाम्या हाताने परतणे शहाणपणाचे केव्हा ठरते, हे सारे निर्णय त्या घटकेत जणू त्याचे शरीरच घेत असते. महागाव तालुक्यातल्या काळ्या मातीवर मुरूम अंथरून, पाणी मारून, चोपून तयार केलेल्या मैदानांवर रात्री दिव्यांच्या झोतात कबड्डीचे खुले सामने होतात, आणि पंचक्रोशीतून लोक लोटतात ते या ३० सेकंदांसाठीच. परंतु त्या ३० सेकंदांच्या मागे कोणाचा विचार उभा असतो, असा प्रश्न केला, तर उत्तर बहुधा संघनायकाच्या, नाहीतर गावातल्या एखाद्या जुन्या खेळाडूच्या नावापाशी येऊन थांबते.

आक्रमण शिकवणे हाच ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्यावरच ज्याचा चरितार्थ, आणि त्यातच ज्याची बढती नि बडतर्फी, असा माणूस आपल्याकडे अजून फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. अमेरिकेत मात्र एका खेळाने अशा माणसांचा एक स्वतंत्र पेशाच निर्माण केला आहे. तो खेळ म्हणजे अमेरिकी फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी नावापलीकडे त्याचा संबंध अल्प आहे. पुणे मराठाज या नावाचा एक संघ उभा करून हा खेळ आपल्या मातीत रुजवण्याचा प्रयत्न २०१२ साली झाला होता, पण त्याने येथे मूळ धरले नाही. म्हणून त्या खेळाची नव्हे, तर त्याच्या आक्रमणाच्या शिक्षकांची जडणघडण कशी होते, याची हकीकत येथे सांगायची आहे. आणि ती सांगण्याचे प्रयोजन महागावच्या मैदानाशीच निगडित आहे.

खेळाची रचना थोडक्यात अशी. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू, आणि मधोमध १०० यार्डांचे मैदान. ज्या संघाच्या हाती चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत संपतो, आणि पुढचा प्रयत्न सुरू होण्यापूर्वी संघाला मसलतीसाठी ४० सेकंदांपर्यंत अवकाश असतो. या विरामामुळे तो खेळ विचाराच्या स्वाधीन झाला आहे. आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा हे तेथे वेगवेगळे खेळाडू असतात, त्यांची सरावाची वेळ वेगळी, त्यांच्या बैठकीची खोली वेगळी, आणि म्हणून त्यांचे शिक्षकही वेगळे. क्वॉर्टरबॅक नावाचा जो खेळाडू आक्रमणाचे सूत्रचालन करतो, त्याच्या शिरस्त्राणात १९९४ पासून एक लहानसा ध्वनिग्राहक बसवलेला असतो. त्यातून आक्रमणाचा प्रशिक्षक त्याला पुढची चाल सांगतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज नियमानुसार बंद होतो. त्यापुढे खेळाडूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि स्वतःच्या बुद्धीने ठरवावे. शिक्षकाच्या अधिकाराची हद्द इतक्या काटेकोरपणे आखून देणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही, आणि ती हद्द मला फार योग्य वाटते.

या पेशात प्रवेश करणाऱ्याची सुरुवात अगदी तळाच्या पायरीवर होते. आपल्याकडच्या तहसील कचेरीत उमेदवार, कारकून, नाझर, नायब तहसीलदार आणि तहसीलदार अशी जी हुद्द्यांची उतरंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि जीत वरच्या जागी बसणाऱ्याला खालच्या दप्तराची खडान्‌खडा माहिती असावी अशी अपेक्षा असे, तिच्याशी या पेशाची रचना पुष्कळ जुळते. सर्वांत खालच्या पायरीचे नाव आहे क्वालिटी कंट्रोल कोच. हा बहुधा पंचविशीच्या आसपासचा तरुण असतो. त्याला वेतन अल्प, आणि काम असे की ज्याचा उल्लेख वर्तमानपत्रात कधी व्हायचा नाही. पुढच्या आठवड्यात ज्या संघाशी गाठ पडायची आहे, त्याच्या मागच्या अनेक सामन्यांचे चित्रण तो अंधाऱ्या खोलीत बसून तुकड्या-तुकड्यांनी पाहतो, आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ भरतो: कितवा प्रयत्न होता, दहा यार्डांपैकी किती उरले होते, मैदानाच्या कोणत्या भागात खेळ चालला होता, बचाव कोणत्या मांडणीत उभा होता, आणि शेवटी काय निष्पन्न झाले. अशा शेकडो ओळी भरल्यानंतर त्या संघाच्या सवयी आपोआप उमटू लागतात. तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड हवे असतील तर हा बचाव पुढे धावून येतो, आपल्या सीमारेषेजवळ गेला की तो मागे सरून उभा राहतो, अशा. मग त्या सवयींची चित्रे जाड कागदावर मोठ्या आकारात, गोल आणि फुल्यांच्या खुणांनी काढायची, कारण सकाळच्या सरावात राखीव खेळाडूंच्या समोर तो कागद उंच धरला की त्यांनी प्रतिपक्षाच्या भूमिकेत जाऊन नेमके तसेच उभे राहायचे असते. एक खूण चुकीच्या जागी पडली तर मुख्य संघाचा तेवढा सराव वाया गेला, अशी या कामाची जबाबदारी असते.

त्यापुढची पायरी एखाद्या विशिष्ट स्थानाच्या शिक्षकाची. आक्रमणाच्या अग्रपंक्तीत चेंडूधारकाचे रक्षण करणाऱ्या धिप्पाड खेळाडूंचा एक शिक्षक असतो, चेंडू झेलणाऱ्या चपळ खेळाडूंचा दुसरा, चेंडू घेऊन मुसंडी मारणाऱ्यांचा तिसरा, आणि क्वॉर्टरबॅकचा चौथा. यांतल्या एखाद्या जागी काही वर्षे घासल्यानंतर, आणि शक्य तर एकाहून अधिक जागांचा अनुभव गाठीशी बांधल्यानंतर, आक्रमणाचा संयोजक, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, हा हुद्दा मिळतो. सगळ्या चालींची अंतिम निवड, त्यांचा क्रम, आणि सामना चालू असताना त्या सांगण्याचा हुकूम बहुधा त्याच्या हाती असतो. त्याच्याही वर मुख्य प्रशिक्षक. आणि राष्ट्रीय लीगमध्ये संघच एकूण ३२ असल्यामुळे त्या जागाही ३२. आज सर्वांत यशस्वी मुख्य प्रशिक्षकांत ज्यांची गणना होते त्या अँडी रीड यांनी १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को स्टेट या लहानशा महाविद्यालयात अग्रपंक्तीचे शिक्षक असताना संघाच्या खर्चासाठी हॉट डॉग विकून पैसा उभा केला होता. तेथून दोन-तीन विद्यापीठे फिरून ते १९९२ साली ग्रीन बे येथे सहायक झाले, १९९९ साली फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि कॅन्सस सिटीच्या संघासह त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले ते २०२० साली, वयाच्या साठीनंतर. उलट शॉन मॅकव्हे यांच्याकडे २०१७ साली लॉस एंजेलिसच्या संघाची सूत्रे आली तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३०. परंतु त्या तिसाव्या वर्षापूर्वीही त्यांनी सहायकाच्या, स्थान-शिक्षकाच्या आणि संयोजकाच्या पायऱ्या एकामागून एक चढलेल्या होत्या. पायरी कोणालाही चुकलेली नाही.

यातली एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मॅकव्हे राष्ट्रीय लीगमध्ये एकही सामना खेळलेले नव्हते, रीडही नव्हते. महाविद्यालयीन स्तरावरच त्यांचे खेळणे संपले होते. उत्तम खेळाडू हा आपोआप उत्तम शिक्षक होतो ही समजूत तेथे केव्हाच मागे पडली, कारण ज्याच्या शरीराला एखादी गोष्ट सहजसाध्य असते त्याला ती टप्प्याटप्प्याने उलगडून सांगणे पुष्कळदा अवघड जाते, आणि ज्याला ती कधी नीटशी साधली नाही त्याने तिचा प्रत्येक सांधा तपासलेला असतो. शिकवणे हे स्वतंत्र कसब आहे आणि त्याची उमेदवारीही स्वतंत्रच करावी लागते.

अर्थात हा पेशा स्थैर्याचा नाही. मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली की त्याच्याबरोबर त्याचे बहुतेक सहायकही घरी जातात, मग त्यांचे काम कितीही चोख असो. भारतीय वंशाचे संजय लाल हे चेंडू झेलणाऱ्यांचे शिक्षक म्हणून या लीगमध्ये नावाजलेले. २००९ ते २०१९ या काळात ते ओकलंड, न्यूयॉर्क, बफेलो, इंडियानापोलिस आणि डॅलस अशा पाच संघांच्या चाकरीत होते. प्रत्येक बदलीबरोबर बिऱ्हाड हलते, मुलांची शाळा बदलते, पत्नीला नवे शहर पुन्हा आपलेसे करावे लागते. त्या कुटुंबांच्या सोशिकतेचा हिशेब कोणत्याही विजयपटावर लिहिला जात नाही.

या पेशाचे सारे गुण आणि सारे दुःख एका आयुष्यात पाहायचे असेल तर बिल वॉल्श यांचे चरित्र पाहावे. १९३१ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी एका शाळेच्या संघापासून आरंभ केला, महाविद्यालयांत सहायकी केली, १९६६ साली ओकलंडच्या व्यावसायिक संघात एक वर्ष काढले, आणि १९६८ साली सिनसिनाटी येथे नव्याने स्थापन झालेल्या बेंगल्स संघात पॉल ब्राउन या थोर प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले. तेथे त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. संघाचा अत्यंत तेजस्वी क्वॉर्टरबॅक खांद्याच्या दुखापतीने जायबंदी झाला, आणि १९७० साली त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टर याची फेक अचूक होती, पण लांबवर जाणारी नव्हती. सामान्य शिक्षकाने अशा वेळी खेळाडूच्या दंडाला दोष दिला असता. वॉल्श यांनी चालींची मांडणीच बदलून टाकली. चेंडू दूर फेकण्याऐवजी मैदानाच्या रुंदीचा उपयोग करावा, झेलणाऱ्यांचे मार्ग मोजून-मापून आखावेत, आणि आखूड, वेळेवर पडणाऱ्या फेकींनी पावलापावलाने पुढे सरकावे, अशी ती पद्धती. १९७१ साली त्याच कार्टरने फेकीच्या अचूकतेत संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. पुढे अर्धे शतक ज्या आक्रमण-पद्धतीने त्या खेळावर अधिराज्य गाजवले तिचा उगम असा एका उणिवेतून झाला आहे, आणि मला वाटते की आक्रमणाच्या शिक्षकाची खरी परीक्षा हीच: हाती असलेल्या माणसांच्या मर्यादेतून त्याला कोणती वाट काढता येते.

आठ वर्षे या सेवेत घालवल्यावर, १९७६ च्या आरंभी पॉल ब्राउन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी आपली नेमणूक होईल अशी वॉल्श यांना रास्त अपेक्षा होती. ती जागा दुसऱ्या सहायकाला मिळाली. वॉल्श निघून गेले. एक वर्ष सॅन डिएगोत, दोन वर्षे स्टॅनफर्ड विद्यापीठात काढून १९७९ साली, ४७ व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनायनर्स संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात १६ पैकी दोनच सामने जिंकता आले. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस, २४ जानेवारी १९८२ रोजी, ते सुपर बोल या अंतिम सामन्याला उभे राहिले तेव्हा समोर होता सिनसिनाटीचाच संघ, ज्याने त्यांना डावलले होते तो. आणि वॉल्श यांनी तो सामना २६–२१ असा जिंकला. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच लिहून काढून क्रमाने खेळायच्या, ही जी शिस्त आज सर्वत्र दिसते, तिचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. त्यांच्या हाताखाली माइक होमग्रेन तयार झाले, आणि होमग्रेन यांच्या हाताखाली पूर्वी उल्लेखिलेले अँडी रीड. ही शिष्यपरंपरा अजून खंडित झालेली नाही.

डावलले गेलेल्या शिक्षकाने परक्या संघाला घडवून आपल्या जुन्या घरालाच अंतिम सामन्यात नमवावे, अशी घटना महाराष्ट्रानेही पाहिली आहे, आणि ती तितक्या ठळकपणे आपण मनात जपलेली नाही, याचे मला वाईट वाटते. नाशिकच्या शैलजा जैन यांनी राज्य शासनाच्या क्रीडा खात्यात कबड्डीच्या प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे सेवा केली. मुलींच्या कित्येक पिढ्या त्यांनी मैदानावर उभ्या केल्या. राष्ट्रीय संघाला शिकवण्याची त्यांची आकांक्षा होती; ती संधी त्यांच्या वाट्याला आली नाही, आणि ही खंत त्यांनी पुढे मोकळेपणी बोलूनही दाखवली. निवृत्तीनंतर, साठीच्या घरात असताना, इराणच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे चालून आले आणि त्या तेहरानला गेल्या. भाषा अनोळखी, आहार परका, त्यातून त्या शाकाहारी, आणि शिष्या सर्वस्वी वेगळ्या संस्कारांत वाढलेल्या. शैलजाताईंनी कामापुरती फारसी शिकून घेतली, आणि सरावाच्या वेळापत्रकात योगासने व प्राणायाम यांना स्थान दिले. कबड्डीत श्वास हा आक्रमणाचा आधार. उच्चार अडखळला की चढाई संपली. कुस्तीची परंपरा असलेल्या त्या देशात बळाची वानवा नव्हती. उणीव होती ती श्वासाच्या आणि मनाच्या स्थैर्याची, आणि शैलजाताईंच्या शिक्षकी नजरेने ती नेमकी हेरली.

आशियाई क्रीडा स्पर्धांत महिलांच्या कबड्डीचा समावेश २०१० साली झाला, तेव्हापासून सुवर्णपदक भारताकडेच होते. २०१४ साली इंचॉन येथे भारताने अंतिम सामन्यात याच इराणला ३१–२१ असे हरवले होते. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले. भारताच्या बाजूने सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे या महाराष्ट्राच्या मुली होत्या, आणि डोक्यावर हिजाब बांधून खेळणाऱ्या इराणी मुलींच्या पाठीशी होती महाराष्ट्राचीच शिक्षिका. मध्यंतरापर्यंत भारताकडे दोन गुणांची आघाडी होती. उत्तरार्धात इराणच्या चढाया घाईच्या राहिल्या नाहीत, पकडी सुटेनाशा झाल्या, आणि सामना इराणने २७–२४ असा जिंकला. त्याच दिवशी इराणच्या पुरुषांनीही सुवर्णपदक मिळवले. भारताच्या पुरुष संघाला त्यांनी आदल्याच दिवशी उपान्त्य फेरीत गारद केले होते. देशाचा पराभव कोणालाही गोड लागत नाही, मलाही लागला नाही. तरीही त्या पराभवात आपल्या मातीतल्या एका शिक्षकी विद्येचा जो निर्विवाद गौरव होता, तो नाकारणे अन्यायाचे ठरेल. विद्या आपल्याकडे होती. तिला वर चढण्यासाठी लागणारी शिडी मात्र येथे नव्हती.

ही उणीव अधिक खटकते ती आपला पूर्वेतिहास पाहिला म्हणजे. हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे आरंभीचे काम महाराष्ट्रातच झाले. महागावापासून फार दूर नसलेल्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक जगापुढे सादर केले. ज्यांना आदराने बुवा म्हणत त्या शंकरराव साळवी यांनी या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. संघटक झाले, खेळाडू झाले, पंच झाले. शिक्षक मात्र बहुतेक ठिकाणी दुय्यम राहिला. तो एक तर शाळेतला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, ज्याच्यावर कवायतीपासून निवडणुकीच्या कामापर्यंत सगळ्याचा भार. नाहीतर क्रीडा खात्यातला मार्गदर्शक, ज्याला एकट्याला अनेक तालुके सांभाळायचे. नाहीतर निवृत्त खेळाडू, ज्याला ते पद कामगिरीचे बक्षीस म्हणून मिळालेले. या तिन्ही प्रकारांतली निष्ठावान माणसे मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणालाही केवळ चढाईचा अभ्यास करण्याची मुभा नसते, आणि त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणारा कोणी नसतो.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून चित्र वरच्या टोकाला पालटले आहे. खेळाडूंचे लिलाव होऊ लागले, प्रशिक्षकांना हंगामाचे करार मिळू लागले, प्रत्येक चढाईचे चित्रण आणि आकडे उपलब्ध झाले. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, या ‘करो या मरो’च्या नियमाने तर आक्रमणाला हिशेबाचे स्वरूप आणले: कोणती चढाई मुद्दाम कोरी सोडायची, तिसरीसाठी कोणाला राखून ठेवायचे, मैदानात किती रक्षक उरले असता बोनसचा विचार सोडून द्यायचा, हे आता आगाऊ ठरवावे लागते. अमेरिकी फुटबॉलच्या चार प्रयत्नांत जी मसलत चालते तिच्याशी हिचे नाते अगदी जवळचे आहे. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने प्रथमच विजेतेपद मिळवले. त्या संघाचे प्रशिक्षक होते कर्नाटकचे बी. सी. रमेश आणि संघनायक होता तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घरातल्या मुलांना खेळाडू म्हणून वर जाण्याचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला आहे, ही अत्यंत समाधानाची गोष्ट आहे. शिक्षक म्हणून वर जाण्याचा मार्ग मात्र अजून अस्पष्टच आहे.

महागावातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला आज हा पेशा पत्करावासा वाटला, तर शिक्षणाची सोय आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते, आणि १९६१ साली स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कबड्डीच्या प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम आहे. ही सनद घेऊन परत आल्यावर काय, हा खरा प्रश्न. सरकारी जागा मोजक्या, आणि लीगच्या संघांची दारे नावाजलेल्या खेळाडूंनाच उघडी. पदविका आणि प्रशिक्षकपद यांच्यामध्ये जी आठ-दहा वर्षांची उमेदवारी अमेरिकेत असते, जिच्यात माणूस चित्रण पाहून ओळी भरतो, चित्रे काढतो, एकाच स्थानाच्या खेळाडूंना हाताशी धरून घडवतो, ती मधली पायरीच आपल्याकडे नाही. आणि तरुण मंडळी पोलीस भरतीच्या रांगेत उभी राहतात त्याचे कारणही तेच आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ही पायरी निर्माण करण्यासाठी सरकारच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. शालेय कबड्डी स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, तेथून जिल्हा, अमरावती विभाग आणि राज्य अशा पुढे जातात. तालुक्याच्या सामन्यांतच प्रत्येक संघाने आपला एक चढाई-लेखक नेमावा. मुख्य सातांत जागा न मिळालेली, पण खेळ समजणारी एखादी मुलगी हे काम उत्तम करील. साध्या वहीत रकाने आखायचे: चढाई कोणाची, समोर रक्षक किती, प्रवेश डाव्या अंगाने की उजव्या, पहिला पवित्रा पायाचा की हाताचा, स्पर्श कोणाला, पकड झाली तर ती घोट्याची, मांडीची की कमरेची, आणि उच्चार किती वेळ टिकला. चार सामन्यांची अशी वही भरली की आपला उजवा चढाईपटू डाव्या कोपऱ्यापाशीच नेहमी का सापडतो हे प्रशिक्षकाला सांगावे लागत नाही, मुले स्वतः वाचून सांगतात. जिल्ह्याच्या सामन्याला संघाबरोबर ती वही जाईल, आणि वही भरणारीही जाईल. पुढच्या वर्षी तिच्याकडे फक्त चढाईपटूंचा सराव सोपवता येईल, आणि तिच्या जागी दुसरे कोणी लिहायला बसेल.

मानधनाचा प्रश्न राहतो, आणि तो टाळून चालणार नाही, कारण पोटाला चिमटा घेऊन केलेली उमेदवारी फार दिवस टिकत नाही. गावोगावच्या खुल्या सामन्यांत वर्गणीतून आणि देणग्यांतून जी बक्षिसांची रक्कम उभी राहते, ती आज सगळीच्या सगळी पहिल्या तीन-चार संघांत वाटली जाते. तिचा दहावा हिस्सा बाजूला काढून तो विजेत्या आणि उपविजेत्या संघांच्या सहायक प्रशिक्षकांना, त्यांची वही तपासून, त्यांच्या नावाने द्यावा, अशी माझी तालुक्यातल्या मंडळांना विनंती आहे. यंदाच्या हंगामापासून एका मंडळाने जरी हे केले, तरी इतरांना त्याचा दाखला देता येईल.